एकशे त्रेपन्न किलो

मुलांनो, नागपूरच्या कळमना बाजारात पहाटेच्या वेळी गेलात, तर एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. धान्याने भरलेली मालमोटार उभी असते. वर चढलेले दोन हमाल पन्नास किलोंचे पोते आकड्याने ओढीत कडेपर्यंत आणतात. खाली तिसरा हमाल पाठ वाकवून उभा असतो. वरून "हं" असा एकच हुंकार येतो आणि पोते त्याच्या पाठीवर टेकते. लगेच तो लहान लहान, भरभर पावले टाकीत थप्पीकडे चालू लागतो. ओझे पाठीवर नेमके कोठे घेतले म्हणजे ते कमरेला दुखवीत नाही, पावले किती लांब टाकली म्हणजे तोल जात नाही, हे सारे ज्ञान त्याला वर्षानुवर्षांच्या सरावाने आलेले असते. मी एकदा अशाच एका वयस्क हमालाला विचारले, "हे पोते जमिनीवरून उचलून डोक्याच्याही वर, हात ताठ करून धरता येईल का हो?" तो हसला आणि म्हणाला, "गुरुजी, तसे कशाला कोण धरील?"

त्याचा प्रश्न अगदी बरोबर होता. व्यवहारात असे कोणी धरीत नाही. परंतु जगात एक खेळ असा आहे की ज्यात नेमके हेच करावयाचे असते. त्या खेळाचे नाव भारोत्तोलन. इंग्रजी नावाने, म्हणजे वेटलिफ्टिंग या नावाने, तो तुम्हांला अधिक परिचित असेल.

२ मे २०२२ या दिवशी ग्रीस देशाच्या क्रीट बेटावरील हेराक्लिऑन या शहरात जागतिक कनिष्ठ भारोत्तोलन स्पर्धा चालू होती. वीस वर्षांपर्यंतच्या खेळाडूंची ही स्पर्धा. तेथे विशीही न ओलांडलेल्या एका मराठी मुलीने ८३ किलोंचा भार जमिनीवरून उचलून डोक्यावर धरला. तिचे स्वतःचे वजन ४५ किलोंच्या आत होते. म्हणजे कळमन्यातील त्या पोत्यापेक्षाही ती हलकी होती! पुणे जिल्ह्यातील वडगाव मावळ या गावची ही मुलगी, हर्षदा शरद गरुड. त्या दिवशी ती आपल्या गटात जगज्जेती ठरली. या स्पर्धेत त्यापूर्वी कोणाही भारतीयाला, मग तो मुलगा असो वा मुलगी, सुवर्णपदक मिळालेले नव्हते.

हे तिने कसे साधले ते समजावयाचे, तर आधी या खेळाची थोडी ओळख करून घ्यावयास हवी.

भारोत्तोलनाचे साहित्य मोजकेच असते: एक पोलादी दांडा, त्याच्या दोन्ही टोकांना अडकविण्याच्या गोल चकत्या, आणि चकत्या घसरू नयेत म्हणून घट्ट आवळण्याचे दोन चाप. पुरुषांचा दांडा २० किलोंचा, तर स्त्रियांचा १५ किलोंचा असतो. स्त्रियांचा दांडा थोडा आखूड आणि मुठीत मावण्यासाठी थोडा बारीकही असतो. प्रत्येक चाप अडीच किलोंचा. चकत्यांना त्यांच्या वजनाप्रमाणे रंग दिलेले असतात. २५ किलोंची लाल, २० ची निळी, १५ ची पिवळी, १० ची हिरवी, ५ ची पांढरी. याखेरीज दीड, दोन, अडीच किलो अशा लहान चकत्याही असतात. त्यामुळे जाणकार प्रेक्षक लांबूनच रंग पाहून भार किती आहे ते सांगतो. आता तुम्हीच हिशेब करून पाहा. स्त्रियांचा दांडा १५ किलो, दोन चाप मिळून ५ किलो, आणि दोन्ही बाजूंना एकेक लाल चकती. एकूण किती झाले? ७० किलो. हा आकडा लक्षात ठेवा. पुढे तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

भार उचलण्याचे प्रकार दोन. पहिला स्नॅच. यात दांडा जमिनीवरून उचलून, मध्ये कोठेही न थांबता, एकाच झेपेत डोक्यावर न्यावयाचा असतो. दुसऱ्याचे नाव क्लीन अँड जर्क. यात दोन टप्पे असतात. प्रथम दांडा खांद्यांवर घेऊन उभे राहावयाचे, क्षणभर दम घ्यावयाचा, आणि मग पायांच्या झटक्याने तो डोक्यावर न्यावयाचा. मध्ये विसावा मिळत असल्यामुळे या प्रकारात स्नॅचपेक्षा अधिक भार उचलता येतो. नावे परकी असली, तरी कृती तुमच्या ओळखीची आहे. विहिरीवर बाई पाण्याने भरलेला हंडा उचलते, तेव्हा तो एकदम डोक्यावर घेत नाही. आधी मांडीवर टेकविते आणि मग गुडघ्याचा झटका देऊन डोक्यावर चढविते. क्लीन अँड जर्कचे मर्म हेच आहे.

पण खरी मौज स्नॅचमध्ये आहे. पुष्कळांना वाटते की, दंडांत बळ असले म्हणजे झाले. भार ओढून वर नेला की काम संपले. तसे नाही. इमारतीच्या कामावर घमेली झेलणाऱ्या माणसांकडे एकदा नीट पाहा. खालच्याने भिरकावलेले घमेले वर येता येता एका ठिकाणी अगदी क्षणभर थबकते. वर जाणे संपलेले असते आणि खाली पडणे सुरू झालेले नसते. वरचा माणूस त्याच क्षणी ते अलगद धरतो. भारोत्तोलकही हेच करतो. फरक इतकाच की, येथे फेकणारा आणि झेलणारा एकच असतो. पाय, मांड्या आणि पाठ यांच्या बळाने तो दांडा वर उसळवितो. तो उसळून पोटाच्या वर, छातीच्या सुमारास येतो न येतो, तोच खेळाडू स्वतः विजेच्या वेगाने दांड्याखाली बसतो आणि ताठ केलेल्या हातांवर भार झेलतो. मग हळूहळू उभा राहतो. म्हणजे भार जेवढा वर जातो, जवळपास तेवढेच शरीर खाली जाते. डोक्यावर लोखंड असताना त्याच्याखाली शिरावयाचे, या कृतीला बळापेक्षाही धैर्य अधिक लागते. नव्या मुलांना शिकविताना आरंभी नुसती काठी किंवा हलका दांडा देतात, तो याचसाठी.

दांडा डोक्यावर स्थिर झाला, कोपरे ताठ राहिली, दोन्ही पाय एका रेषेत आले, म्हणजे खाली ठेवण्याची खूण मिळते. मंचाभोवती तीन पंच बसलेले असतात. त्यांच्यापैकी दोघांनी तरी पांढरा दिवा लावला, तर प्रयत्न ग्राह्य धरला जातो. वर गेल्यावर कोपर किंचित वाकून पुन्हा ताठ झाले, तरी लाल दिवा लागतो. नाव पुकारल्यापासून एका मिनिटाच्या आत प्रयत्नाला आरंभ करावयाचा असतो. प्रत्येक प्रकारात तीन संधी, दोन्ही प्रकारांतील सर्वोत्तम भारांची बेरीज, आणि जिची बेरीज मोठी ती विजयी. आणखी एक कठोर नियम वजनाचा आहे. स्पर्धेपूर्वी दोन तास वजन करण्यास आरंभ होतो आणि खेळाडूचे वजन गटाच्या मर्यादेहून थोडेही अधिक भरलेले चालत नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कुस्तीगीर विनेश फोगाट हिला अवघ्या शंभर ग्रॅमांमुळे अंतिम लढतीस मुकावे लागले, हे तुम्हांला आठवत असेल. भारोत्तोलनातही तराजू असाच निष्ठुर असतो.

आता हर्षदाच्या गावाकडे वळू. वडगाव मावळ हे पुण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावरचे गाव. इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही ते वाचले असेल. जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांची फौज पुण्यावर चालून आली असता, महादजी शिंदे आदी मराठे सरदारांनी तिला येथेच कोंडीत धरले आणि तह करावयास लावले. मावळात पाऊस धो धो पडतो आणि भात उत्तम पिकतो. तेव्हा या गावच्या मुलीची कथा तांदळाच्या पोत्यापासून सुरू व्हावी, यात नवल ते काय? तिच्या वडिलांनी वृत्तपत्रांच्या प्रतिनिधींना सांगितलेली आठवण अशी की, हर्षदा लहान असताना त्यांनी तिला तांदळाचे पन्नास किलोंचे पोते उचलून पाहावयास सांगितले, आणि पोरीने ते पाठीवर घेऊन दाखविले. वडिलांनी जे ओळखावयाचे ते ओळखले.

ओळखण्याची ही दृष्टी त्यांच्यापाशी होती, याला कारण आहे. ते स्वतः तरुणपणी भार उचलीत. भारोत्तोलनात नाव काढावे ही त्यांची आकांक्षा होती. ती पूर्ण झाली नाही. अपुरी राहिलेली इच्छा कित्येकदा घरात भांडणे निर्माण करते, मुलांवर ओझे होऊन बसते. मी माझ्या नोकरीत असे पुष्कळ बाप पाहिले आहेत. मुलाला चित्रे काढावयाची असत आणि बाप त्याला गणिताच्या शिकवणीला घालीत असे. येथे मात्र बापाची इच्छा आणि लेकीचे अंग यांचा मेळ बसला. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. आपले राहिलेले स्वप्न मुलाच्या हाती देणारे बाप जुन्या काळीही होते. पण ते मुलगा होण्याची वाट पाहत. या बापाने मुलीच्या हाती ते दिले.

वडगावात भारोत्तोलनाची जुनी परंपरा आहे. बिहारीलाल दुबे हे तेथील प्रशिक्षक. त्यांच्या व्यायामशाळेस 'दुबेज् गुरुकुल' या नावाने ओळखतात. मोठ्या शहरांतील झगमगत्या क्रीडासंकुलांची बरोबरी लहान गावची व्यायामशाळा करू शकत नाही. परंतु तिच्यापाशी एक गोष्ट असते, ती म्हणजे सातत्य. रोज तेच गुरू, तोच दांडा आणि तोच मंच. आज ६० किलो उचलले, म्हणून उद्या ६५ उचलता येत नाहीत. आधी ६१ उचलावे लागतात. कित्येकदा त्या एका किलोसाठी महिनेच्या महिने जातात. मधूनच मनगट दुखते, गुडघा सुजतो, आणि मिळविलेले दोन किलो परत द्यावे लागतात. पैसे साठविणाऱ्या गृहिणीप्रमाणे एकेक किलो साठवीत जावे लागते.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. मी नोकरीस लागलो, तेव्हाच्या माझ्या शाळेत खेळाच्या तासाला मुलांना मुद्गल आणि लोखंडी डंबेल मिळत, तर मुलींना दोरीवरच्या उड्या आणि लंगडी. एकदा एका मुलीने कोपऱ्यातले डंबेल उचलून दोनचार वेळा वरखाली केले. ते पाहून सारे शिक्षक हसले, आणि कोणीतरी ते तिच्या हातातून काढून घेतले. हसणाऱ्यांत मीही होतो. त्या मुलीच्या घरी नळ नव्हता. रोज सकाळी दोन हंडे पाणी भरून मग ती शाळेत येई, हे आम्हां सर्वांना ठाऊक होते. हंडा उचलणारीने डंबेल उचलू नये, असे आम्हांला का वाटले असावे, याचे उत्तर मला आजही नीट देता येत नाही.

आमचीच शाळा काय, साऱ्या जगाचीच ही रीत होती. आधुनिक ऑलिम्पिक स्पर्धांना १८९६ मध्ये आरंभ झाला आणि पहिल्याच वर्षी पुरुषांचे भारोत्तोलन त्यांत होते. स्त्रियांसाठी पहिली जागतिक स्पर्धा भरली ती १९८७ मध्ये, अमेरिकेतील डेटोना बीच येथे. आणि ऑलिम्पिकचे दार त्यांना उघडले ते २००० मध्ये, सिडनी येथे. मध्ये १०४ वर्षे गेली. दार उघडताच आत शिरलेल्यांत आपल्या देशाची कर्णम मल्लेश्वरी होती. आंध्र प्रदेशातील या खेळाडूने १९९४ आणि १९९५ अशी दोन वर्षे जागतिक अजिंक्यपद मिळविले होते. सिडनीत ६९ किलोंच्या गटात तिने ११० आणि १३०, एकूण २४० किलो उचलून कांस्यपदक पटकाविले. ऑलिम्पिकमध्ये पदक जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्या दिवशी पहिल्या दोघींची बेरीज २४२.५ किलो होती. शेवटच्या संधीत मल्लेश्वरीने १३७.५ किलोंस हात घातला, पण तो भार तिला पेलता आला नाही. अवघ्या अडीच किलोंनी तिचे सोने हुकले. पुढे मणिपूरच्या मीराबाई चानूने टोकियो ऑलिम्पिकमध्ये, २४ जुलै २०२१ रोजी, ४९ किलोंच्या गटात २०२ किलो उचलून रौप्यपदक आणले.

मीराबाईच्या या पदकानंतर वर्षही लोटले नव्हते, तोच हर्षदा हेराक्लिऑनच्या मंचावर उभी राहिली. तिचा गट ४५ किलोंचा. तिच्या बरोबरीच्या स्पर्धकांत तुर्कस्तानची बेक्ताश जान्सू आणि मोल्दोव्हा या लहानशा देशाची तेओदोरा-लुमिनित्सा हिंकू या दोघी प्रबळ होत्या. आरंभ नेहमीप्रमाणे स्नॅचने झाला. हर्षदाने ७० किलो उचलले. मघाशी आपण केलेला हिशेब आठवतो ना? दांडा, दोन चाप, आणि दोहोंकडे एकेक लाल चकती. हिंकूने ६७ किलो उचलले, बेक्ताशने ६५. म्हणजे पहिला प्रकार संपला, तेव्हा हर्षदा हिंकूच्या तीन आणि बेक्ताशच्या पाच किलोंनी पुढे होती.

तीन किलो, पाच किलो! भाजीच्या पिशवीचे वजन याहून अधिक असते. परंतु या खेळात अशा पाच किलोंसाठी वर्ष वर्ष खर्ची पडते, हे आपण पाहिलेच आहे. शिवाय धोका अजून टळला नव्हता. काही खेळाडू स्नॅचमध्ये मागे असतात, पण क्लीन अँड जर्कमध्ये जबरदस्त असतात. बेक्ताश अशांपैकीच होती. दुसऱ्या प्रकारात तिने तब्बल ८५ किलो पेलले. त्या प्रकारात त्या गटात त्या दिवशी कोणालाही तिच्याइतका भार उचलता आला नाही. हर्षदाने उचलले ८३. हिंकूने ८२.

आता बेरीज करा. बेक्ताश: ६५ आणि ८५, एकूण १५०. हिंकू: ६७ आणि ८२, एकूण १४९. हर्षदा: ७० आणि ८३, एकूण १५३. बेक्ताशने दुसऱ्या प्रकारात दोन किलो परत मिळविले खरे, पण पहिल्या प्रकारातील पाच किलोंची तूट तिला भरून काढता आली नाही. आधी साठविलेले नंतर कामास आले. जागतिक स्पर्धेत प्रत्येक प्रकाराला वेगळे पदक असते. त्यामुळे हर्षदाला स्नॅचचे सुवर्ण, क्लीन अँड जर्कचे रौप्य आणि एकूण बेरजेचे सुवर्ण, अशी तीन पदके मिळाली. या स्पर्धेत आपल्या देशाच्या नावावर त्यापूर्वी पदके होती. २०१३ मध्ये मीराबाईने कांस्य आणि २०२१ मध्ये बंगालच्या अचिंत शेउलीने रौप्य मिळविले होते. सोने मात्र वडगावच्या या मुलीने आणले.

एक गंमत सांगू? हर्षदाचे १५३ किलो आणि मीराबाईचे २०२ किलो यांत अंतर आहे ४९ किलोंचे. म्हणजे मीराबाई ज्या वजनगटात खेळली, बरोबर तेवढे. कनिष्ठ गटातील जगज्जेतेपद आणि ऑलिम्पिकचे पदक यांच्यामध्ये जणू एक सबंध मीराबाईच उभी होती. हर्षदाला हे ठाऊक नव्हते असे नाही. ती पुन्हा सरावास लागली.

त्याच वर्षी जुलै महिन्यात उझबेकिस्तानातील ताश्कंद येथे आशियाई कनिष्ठ स्पर्धा झाली. तेथे हर्षदाने स्नॅचमध्ये ६९ किलो उचलले. हेराक्लिऑनपेक्षा एक किलो कमी. परंतु जो प्रकार तिला तेव्हा थोडा अवघड गेला होता, त्या क्लीन अँड जर्कमध्ये तिने ८८ किलो पेलले. अडीच महिन्यांत पाच किलोंची भर! बेरीज झाली १५७, आणि सुवर्णपदक मिळाले. ८८ म्हणजे तिच्या स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट. मग ऑक्टोबरमध्ये बहरीनच्या मनामा शहरी प्रौढांची आशियाई स्पर्धा झाली. तेथे वयाची अट नव्हती. अनुभवी स्त्रियांशी सामना होता. या वेळी ६८ आणि ८४, एकूण १५२ किलो उचलून तिने कांस्यपदक मिळविले. ताश्कंदपेक्षा पाच किलो कमी उचलूनही तिसरे स्थान मिळाले, आणि तेही मोठ्यांच्या स्पर्धेत. भारोत्तोलकाच्या वहीतील आकडे असेच वरखाली होत असतात; ते शाळेच्या पायऱ्यांप्रमाणे एकसारखे वर चढत नाहीत. त्याच २०२२ साली सांगलीच्या संकेत सरगरने बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत पुरुषांच्या ५५ किलोंच्या गटात रौप्यपदक जिंकले, हेही येथे सांगावयास हवे. महाराष्ट्रातील भारोत्तोलनाला ते वर्ष मोठे भाग्याचे गेले.

परंतु हर्षदापुढे एक अडचण होती, आणि ती दांड्याच्या भाराहूनही जड होती. ज्या ४५ किलोंच्या गटात ती जगज्जेती झाली, तो गट ऑलिम्पिकमध्ये नव्हताच. टोकियोत आणि पुढे २०२४ मध्ये पॅरिस येथे स्त्रियांचा सर्वांत हलका गट ४९ किलोंचा होता. ऑलिम्पिकला जावयाचे, तर आधी शरीराचे वजन वाढवावे लागणार, आणि मग मीराबाईसारख्या खेळाडूंशी गाठ पडणार. वजन वाढविणे म्हणजे तूप-भात खाऊन पोट वाढविणे नव्हे. त्या प्रत्येक वाढीव किलोचा स्नायू झाला पाहिजे आणि त्या स्नायूने नवा भार पेलला पाहिजे. नाही तर वाढलेले वजन हे खेळाडूला नुसते ओझेच.

पुढे ही अडचण आणखी वाढली. आंतरराष्ट्रीय भारोत्तोलन संघटनेने वजनगटांची नवी रचना केली आणि १ जून २०२५ पासून ती अमलात आली. या रचनेत स्त्रियांच्या प्रौढ व कनिष्ठ स्पर्धांतून ४५ किलोंचा गट नाहीसा झाला. तिच्यात सर्वांत हलका गट ४८ किलोंचा ठरला. त्या गटात काय करावे लागते, हे मीराबाईने त्याच वर्षी नॉर्वेतील जागतिक स्पर्धेत दाखविले. तेथे तिने १९९ किलो उचलले, आणि तरीही ती दुसरी आली. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी तर स्त्रियांचा सर्वांत हलका गट ५३ किलोंचा ठरला आहे. म्हणजे हेराक्लिऑनच्या तराजूवर उभ्या राहिलेल्या हर्षदापेक्षा तब्बल आठ किलोंनी अधिक. गावोगावच्या व्यायामशाळांत आज ज्या सडपातळ, चपळ मुली दांड्याला हात घालीत आहेत, त्यांना सराव सुरू करतानाच आपण कोणत्या गटात खेळणार हे ठरवावे लागते. आणि ठरविलेला गट चार वर्षांनी राहील की नाही, हे कोणालाच सांगता येत नाही. हर्षदाच्या नावापुढे २ मे २०२२ ही तारीख आणि १५३ किलो हा आकडा मात्र कायमचा लिहिला गेला आहे.